मशिनी बंद करून सांगितलेलं

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मार्केटच्या मागे जीन्सचा एक कारखाना आहे, तिथे मी सुपरवायझर. तीसेक मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण माझा आवाज शेवटच्या कारागिरापर्यंत पोचतो. त्याचा मला भारी माज होता. काय करायचं ते सांगायचं, "समजलं ना?" म्हणायचं, लाईनीतून "हो ताई" आलं की पुढे निघायचं. लाईन सांभाळणं म्हणजे एवढंच, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे कापड थरावर थर लावून कापतात आणि त्या थरांत वेगवेगळी थानं, म्हणजे कापडाचे तागे असतात. कोरं असताना सगळं कापड सारखंच निळं दिसतं. धुलाईला गेलं की प्रत्येक थान आपापला रंग दाखवतं. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवायचा आणि कारागिराने नंबर बघूनच पुढचा भाग मागच्या भागाला जोडायचा. नंबर चिकटवायचं हे काम वांगणीहून येणारी एक मावशी करायची. वयाने माझ्या आईएवढी, नवरा वारलेला, घर तिच्याच हातांवर चाललेलं. बोलणं कमी, पण तिच्या टेबलावरून चुकीचा तुकडा कधी पुढे गेला नव्हता.

ईदच्या मालाची घाई होती. कटिंगचा ढीग तिच्या टेबलावर अडकलेला बघून माझं डोकं फिरलं. मी लांबूनच ओरडले, "मावशी, तुकड्या-तुकड्यावर नंबर नको! बंडलावर एकच चिठ्ठी लाव आणि सोड पुढे!"

ती उठून माझ्याजवळ आली. हातात दोन तुकडे होते. "ताई, ही दोन थानं हाताला येगली लागतात. बंडल सुटला तर सगला माल मिसलंल."

"तुला विचारलं का मी? सांगितलं तेवढं कर. समजलं ना?"

"हो ताई," ती म्हणाली आणि गेली.

बंडलं सुटली. सुटणारच होती. धुलाईवरून माल परत आला तेव्हा पुढून गडद आणि मागून फिकट, असल्या पँटींचा ढीगच्या ढीग. शेठ केबिनमधून तावातावाने आले. "ये नंबरिंग किसने किया?"

सगळी लाईन मावशीच्या टेबलाकडे बघायला लागली. मीसुद्धा. एवढ्यावर गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण माझं तोंड! मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं मावशी, एवढं साधं काम जमत नाही? येडी झालीस का?"

मी सांगितलं होतं तेच तिने केलं होतं. तिने तोंड उघडलं असतं तर मी तिथेच उघडी पडले असते. शेठ म्हणाले, "कल से मत आना." तिने नंबरांची पाकिटं नीट रचून ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेली.

घरी बदलापूरला भात कालवला आणि तसाच ठेवून दिला. लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता. सकाळी कारखान्यात शिरल्या शिरल्या मी थेट केबिन गाठली. "शेठ, ती चूक माझी होती. मीच तिला तसं करायला सांगितलं."

शेठ माणूस वाईट नाही. म्हणाले, "ठीक है, बुला लो उसको. लेकिन दीदी, लाइन में कुछ मत बोलना. एक बार सुपरवायजर झुक गयी, फिर उसकी कौन सुनेगा?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मावशीही परत येणार आणि माझी अब्रूही राहणार. त्या संध्याकाळी बदलापूरला न उतरता मी पुढे वांगणीला गेले. मावशी दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मला पाणी दिलं, बसायला पाट दिला. मी म्हटलं, "शेठशी बोलले मी. उद्यापासून ये."

"तुमी शेठला काय सांगितलंव?"

"माझी चूक होती म्हणून."

"आनि लाईनीला?"

"लाईनीला नाही," मी म्हटलं. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "ताई, येडी मना सगल्यांसमोर केलीत. आता केबिनीत शानी करून काय उपेग? उद्या कापडाला हात लावीन तर पोरी हसतील. नाय येनार मी."

मी तिला काय काय नाही सांगितलं! घराचा विचार कर म्हटलं, काम कुठे मिळेल म्हटलं. ती हलली नाही. शेवटी मीच उठले. "उद्या ये. लाईनीला सांगते. नाही सांगितलं तर दारातूनच परत फीर."

ती आली. दारातच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. शेठ केबिनच्या काचेतून बघत होते. आता मागे फिरायचं नाही हे नक्की होतं. मी मेन स्विच बंद केला. सगळ्या मशिनी थांबल्या. त्या शांततेत माझाच आवाज मला परका वाटला.

"परवा माल खराब झाला तो माझ्यामुळे. मावशीने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. येडी मी होते, ती नाही. मावशी, माफ कर."

मावशी आत आली, आपल्या टेबलाशी बसली. माझा हात स्विचकडे गेला, एवढ्यात खिसे शिवणारा म्हातारा कारागीर उठून उभा राहिला. "दीदी, पिछले हफ्ते पॉकेट का नाप भी आपने गलत बताया था. हमने हां बोल दिया."

मागून एक मुलगी म्हणाली, "ताई, चेनचं पण."

"कमरेच्या पट्टीचं पण," तिसरीने सांगितलं.

माझे कान तापले. "मग तेव्हा का नाही बोललात?" असं जिभेवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं. उत्तर मला माहीत होतं. चुका लिहून घ्यायला मी वही उघडली.

मावशी मान वर न करता म्हणाली, "खाली बसून लिवा, ताई. लय हाय."