शक्तीच्या गोळ्यांची बाटली

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे जोडीमावशी म्हणत. यंत्रांवरून उतरलेल्या ढिगातून एकाच मापाचे, एकाच छटेचे दोन मोजे ती नुसत्या नजरेने हुडकून काढी. एकोणीस वर्षांत तिची जोडी कधी चुकली नव्हती, आणि म्हणूनच सुपरवायझरने गोळ्यांची बाटली तिच्या स्वाधीन केली होती.

रोज सकाळी पॅकिंगच्या एकतीस बायकांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायची आणि समोर पाणी प्यायला लावायचे. तीन आठवडे गोळी, चौथा आठवडा बंद. “शक्तीची आहे. शरीराला सवय लागू नये म्हणून मध्ये विश्रांती,” असे त्याने सांगितले होते. मावशीला मात्र गोळी नव्हती. “तुमचं वय झालं,” म्हणाला होता. ते तिला थोडे लागलेच होते.

बंदच्या आठवड्यात स्वच्छतागृहापुढे रांग लागे. “ठरवून येता की काय गं सगळ्या?” मावशी विचारी.

“कंपनीचा भोंगा आता पोटातही वाजतो, मावशी!” कुणीतरी म्हणे आणि हशा पिके.

तिची सूनही लग्न झाल्यापासून पॅकिंगच्याच टेबलावर मोजे दुमडत असे. लग्नाला चार वर्षे होऊन पाळणा हलला नव्हता. मुलाने निर्वाणीचे सांगितले होते: वर्षअखेरपर्यंत बघेन, मग हिला माहेरी पोचवीन. मावशीनेही टोमणे मारायला कमी केले नव्हते. “आमच्या घरात नवी पावलं वाजतात ती तुझ्या चपलांचीच,” असे ती चारचौघांत म्हणे. शेवटी तीच सुनेला दवाखान्यात घेऊन गेली.

समोर बसलेली नर्स तिने ओळखली. तिसऱ्या बाळंतपणानंतर मावशी याच बाईकडे पाळणा लांबवायच्या गोळ्या मागायला आली होती. “नवऱ्याची सही आणा,” हे उत्तर मिळाले होते. सही मिळाली नाही. मुले मात्र आणखी दोन झाली.

“काही औषध चालू आहे?” नर्सने सुनेला विचारले.

“नाही. कंपनीची शक्तीची गोळी तेवढी.”

“रोज?”

“तीन आठवडे रोज. मग आठवडाभर बंद. तेव्हाच पाळी येते. सगळ्यांचीच.”

नर्सची लेखणी थांबली. “एखादी गोळी आहे जवळ?”

मावशीने पदराच्या गाठीतून एक काढली. एकजण गैरहजर होती त्या दिवशीची ती गोळी तिने अशक्त शेजारणीसाठी वाचवून ठेवली होती. नर्सने ती उलटसुलट करून पाहिली, कपाट उघडले आणि एका पाकिटातल्या गोळीशेजारी ठेवली. नर्सने काही सांगण्याची गरज उरली नाही. आयुष्यभर जोड्या लावलेल्या डोळ्यांनी ही जोडीही क्षणात लावली. जे तिला मागूनही मिळाले नव्हते, तेच तिने न मागणाऱ्यांना स्वतःच्या हाताने चारले होते. आणि गोळीसाठी पुढे येणाऱ्या त्या तळहातांतला एक आपल्याच घरातला होता.

वाटेत सून एवढेच म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं, आई.” त्यामुळे मावशीला अधिकच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन टेबलांच्या मधोमध उभी राहिली. सुपरवायझर दारात होता. “ही शक्तीची नाही,” ती म्हणाली. “मूल राहू नये म्हणून आहे. बाळंतपणाची रजा द्यायला लागू नये म्हणून तुम्हाला देतात.”

कुणी हसले नाही. एकीने हातातला पेला भिंतीवर भिरकावला. सुपरवायझर ओरडला, “मावशी, उद्यापासून येऊ नका!”

“आजचा दिवस तर माझाच आहे ना?”

तेवढ्यात इस्त्रीवरची चार मुलांची आई पुढे आली. “मला दे. घरी विचारलं तर सही मिळायची नाही.” तिच्यामागे आणखी हात पुढे आले. सगळ्याजणी थुंकून टाकतील असे मावशीला वाटले होते. मग ती प्रत्येकीपुढे थांबली आणि इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारत गेली: “हवी?”

सुनेपुढे ती थबकली. इथले उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे वाटूनही तिने विचारले, “हवी?”

सुनेने बाटलीकडे पाहिले, मग सासूकडे. “मूल हवंय की नको, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही, आई,” ती म्हणाली. “मला थोडा वेळ द्या.”