नववा कुणाचा म्हणायचा?

"ह्यो कुणाचा म्हणायचा?"

आमच्या गल्लीतून गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल काकूंनी हा प्रश्न विचारलेला आहे. विचारण्याआधी त्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं पुसायच्या, परत लावायच्या आणि हनुवटी वर करायच्या. मग तो गॅसची टाकी आणणारा असो, नवा पोस्टमन असो, नाहीतर टीव्हीवर बातम्या देणारा असो. बातम्या देणाऱ्याचं तर त्यांनी कूळच लावून टाकलं होतं. "नाक बघ त्याचं. वाईकडचा हाय. आईकडून."

अशा एक काकू तुमच्याही गल्लीत असतील. साताऱ्यातल्या आमच्या काकू लग्नं जुळवायच्या. त्याबद्दल त्यांना एक पातळ मिळायचं आणि मांडवात पहिल्या रांगेतली खुर्ची. "आधी माणूस कुणाचा ते बघावं," त्या म्हणायच्या, "मग कोण ते आपोआप कळतंय."

तो काळा चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी महिनाभर लावायला दिला होता. महिना संपला, डॉक्टरांची बदली झाली, चष्मा राहिला. तो का राहिला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता मुख्य गोष्ट. मी शांत माणूस आहे. आमटीत केस निघाला तर बाजूला ठेवतो आणि जेवतो. साहेब ओरडले तर मान हलवतो. पण त्या मालिकेची आठवण झाली की आजही माझ्या कानशिलांतून वाफा निघतात. तिचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या घरात त्या नावावर अजून बंदी आहे.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. दर रविवारी सकाळी ती लागायची. पृथ्वीवरून एक यान निघालेलं असतं आणि त्यात आठ माणसं असतात. तिसऱ्या की चौथ्या भागात कळतं की यानात आणखी कुणीतरी आहे. डोक्यावर हेल्मेट, तोंडासमोर काळी काच, बोलणं नाही. संकट आलं की हा कुठून तरी यायचा, वाचवायचा आणि नाहीसा व्हायचा. आम्ही त्याला नववा म्हणायचो. नववा कोण, यावर आमची गल्ली वर्षभर जेवली.

मी म्हणायचो, तो यंत्रमानव आहे. गल्लीत विज्ञानाचा माणूस मीच होतो, कारण बीएस्सीच्या पहिल्या वर्गात मी इतरांपेक्षा जास्त काळ काढला होता. समोरचे हवालदार सैन्यातून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून ठाम. "त्यो शत्रूचा माणूस हाय. पाळतीवर सोडलाय. चालताना टाच न्हाई वाजत त्याची." आमची मंगल, म्हणजे आमची ही, म्हणायची की तो यानाचा म्हातारा डॉक्टरच, दोन कपड्यांत वावरतोय.

काकू आमच्याच घरी बघायच्या. उंबऱ्याशी त्यांचं एक लाकडी स्टूल असायचं, कारण तिथून टीव्ही पण दिसायचा आणि गल्ली पण. पाचसहा रविवार त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा चष्मा पुसून म्हणाल्या, "ती बाई हाय."

"कोण?" मी विचारलं.

"तुमचा नववा. बाई हाय ती. आन् त्या इंजिनवाल्या पोरीची आई हाय."

यानाची इंजिनं सांभाळणारी एक तरुण मुलगी होती. तिची आई ती लहान असताना घर सोडून गेलेली, असं पहिल्या भागात एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आम्ही सगळे ते विसरलो होतो.

हवालदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आवं काकू, सा फूट उंच हाय त्यो!"

"मग? उंच बायका नसत्यात व्हय? तुझी बायकू तुझ्यापेक्षा चार बोटं वर हाय की. लग्नात फोटोला तू पाटावर हुबा हुतास. पाट मीच आणलावता."

हवालदारांचा ठसका थांबला.

"सगळी जेवल्याबिगर ती जागची हलत न्हाई," काकू म्हणाल्या. "जाताना दिवा मालवून जाती. आन् आज हात बघितला न्हाईस? पोरगी झोपलीवती तर हात तिच्या डोस्क्यापर्यंत गेला आन् मागं आला. बापाचा हात गेला तर ठेवतोय. असा मागं येतो त्यो आईचाच."

मंगल त्या दिवशी डॉक्टर सोडून काकूंच्या बाजूला गेली. घरात मी आणि माझा यंत्रमानव एकटे पडलो.

तेव्हा मी एका खतकंपनीच्या ऑफिसात होतो आणि महिन्यातून एखाद्या मंगळवारी मला सांगलीला जावं लागायचं. अशाच एका मंगळवारी काम आटपून मंडईतून चाललो होतो. केळीच्या हातगाडीमागे एक बाई उभी. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"काकू?"

"गप. मी हितं न्हाई," काकू म्हणाल्या.

त्या जिकडे बघत होत्या तिकडे मी पाहिलं. समोर मेथीची जुडी निवडत शोभा उभी होती. कडेवर वर्षभराचं पोर.

शोभा ही काकूंची एकुलती एक मुलगी. सगळ्या जिल्ह्याची लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या मुलीनं आपलं लग्न आपणच जुळवलं. मुलगा सांगलीचा, विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग करायचं दुकान. त्यात नाव ठेवायला जागाच नव्हती. काकूही ठेवत नव्हत्या. "स्थळ चांगलंच हाय. मीच आणलं असतं," त्या म्हणायच्या. पण आणलं नव्हतं, हाच अपमान. लोक तोंडावर विचारायला लागले, काकू, घरचंच स्थळ तुम्हाला कळलं न्हाई व्हय? त्या रागात त्या शोभाला म्हणाल्या, "आजपास्नं मला पोरगी न्हाई." पोरगीही त्यांचीच. बॅग उचलली आणि गेली. त्याला चार-पाच वर्षं झाली होती.

दर मंगळवारी काकू आम्हाला सांगायच्या, सांगलीकडं एक स्थळ बघायला चाललेय. ते स्थळ हे होतं.

शोभा गेल्यावर आम्ही चहाला बसलो. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच राहिला.

"जाऊन बोला की," मी म्हणालो.

"काय बोलू? दार उघडलं आन् 'कोण तुमी?' म्हनली तर? मी तिला तसंच म्हनलेय की रं." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी कौल लावलाय."

"कुठल्या देवाला?"

"तुझ्या टीवीला. ती हेल्मेट काढू दे. पोरगी काय म्हनती बघू. जवळ घेती का तोंड फिरवती. मग माझं मी बघते."

देवाच्या अंगावर लावलेलं फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. आमच्याकडे लोक जमिनी याच्यावर घेतात, लग्नं याच्यावर ठरवतात. टीव्हीला कौल लावलेली बाई मात्र मी ही एकच पाहिली. पण मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून माझा यंत्रमानव मी मनातल्या मनात मोडीत काढला आणि नववा हा आईच असू दे, म्हणून दर रविवारी आंघोळ करून टीव्हीसमोर बसायला लागलो.

शेवटच्या भागाला आमच्या घरात मुंगीला जागा नव्हती. हवालदार बायकोसकट आले होते. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. यानाला आग लागते, इंजिनवाली पोरगी अडकते, नववा तिला उचलून आणतो. सगळे गोळा होतात. नववा हेल्मेटला हात घालतो. काकूंनी माझा दंड धरला. वळ दोन दिवस राहिला.

हेल्मेट निघालं. आत कप्तान! आणि कप्तान तर शेजारीच उभा!

जुळा भाऊ.

तुम्हीच सांगा, ही काय माणसाची रीत झाली? वर्षभर, एका भागात, एका वाक्यात, कप्तानाला भाऊ आहे असं कुणी म्हटलं होतं का? पत्र आलं नव्हतं, फोटो नव्हता. शेवटच्या पाच मिनिटांत भाऊ! दोघांनी मिठी मारली, नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या, आणि ती इंजिनवाली पोरगी कोपऱ्यात तशीच उभी. तिची आई कुठे गेली, याची त्या लिहिणाऱ्याला फिकीर नव्हती. त्यानं कुठेतरी पंख्याखाली बसून चहा पीत लिहून टाकलं असेल, जुळा भाऊ. इकडे साताऱ्यात एक बाई त्याच्या एका ओळीवर आपली लेक टांगून बसली होती, आणि तिला ना होकार मिळाला ना नकार. फूल उजवीकडे पडलं नाही, डावीकडे पडलं नाही. पुजाऱ्यानं ते खिशात घातलं!

हवालदार उठून म्हणाले, "ह्याच्यापरीस शत्रू बरा हुता."

काकू उठल्या. त्या अंगणात गेल्या. आमच्या अंगणातून किल्ल्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. त्याच्याकडे तोंड करून त्यांनी दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली.

"दाखवला एक आन् हुबा केला दुसराच! जुळा हाय हे आधी सांगाय नको? अशानं आमच्यात मांडवातनं वऱ्हाड माघारी जातंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो होतो, तर काकू पिशवी घेऊन दारात.

"चल."

"कुठं?"

"सांगलीला. तुझं काम असतंय न्हवं?"

"ते पुढच्या आठवड्यात आहे, काकू."

"न्हाई. आलंय ते."

मंगलनं माझ्या हातातला साबणाचा ब्रश काढून घेतला आणि म्हणाली, "जा."

एसटीत काकूंनी सुरुवात केली ती कराड येईपर्यंत थांबल्या नाहीत. पुढच्या बाकावरचा एकजण वळून म्हणाला, आवं आमीबी बघितलं, लय घाण केली. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या घरात चहा प्याला न्हाई कुणी काल. कंडक्टर तिकिटं फाडायची थांबवून म्हणाला की त्याच्या मते डॉक्टरच पाहिजे होता. इस्लामपूर आलं तेव्हा अख्खी गाडी पेटली होती. त्या लिहिणाऱ्यानं त्या दिवशी त्या एसटीला हात केला असता, तर ड्रायव्हरनं गाडी थांबवली असती आणि आम्ही सगळे खाली उतरलो असतो.

सांगली जवळ आली तसं काकूंनी मात्र तोंड खिडकीकडे वळवलं. उतरताना एवढंच म्हणाल्या, "त्यांस्नी न्हाई दाखवता आलं. न्हाई तर न्हाई."

शोभाचं घर दुकानाच्या मागे होतं. बोळात तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास. काकूंनी पदर पुढे ओढला. चष्मा डोळ्यांवर होताच. कडी वाजवायला हात वर गेला आणि मागे आला. मी शेवटी त्यांच्या खांद्यावरून वाकून कडी वाजवली.

दार उघडलं. कडेवर पोर घेऊन शोभा. तिनं आईकडे पाहिलं. त्या बोळात आम्ही तिघं, चौथं ते पोर. मला वाटलं, आता ही दार लावणार.

"बघितलंस काल?" शोभा म्हणाली. "जुळा भाऊ! जुळा भाऊ काढला मेल्यांनी!"

"आगं तेच म्हनते मी!" काकू म्हणाल्या. "आधी सांगाय नको?"

"मी ह्यांना पहिल्यापासनं सांगत हुते, आई हाय ती. आईच पाहिजे."

"हात बघितलावतास न्हवं?"

"बघितला की! डोस्क्यापर्यंत गेला आन्..."

ती तिथे थांबली. मग एकदम ओरडली, "आन् तू काढ आधी तो चष्मा! केळीच्या गाड्यामागं हुबी राहतीस, मला दिसत न्हाईस व्हय? दर मंगळवारी ह्या पोराला उन्हात उगंच आणती काय मी मंडईत? एक मेथीची जुडी घ्यायला अर्धा तास लावती ते कुणासाठी?"

काकूंनी चष्मा काढला. पुसला नाही. न बघताच माझ्या हातात दिला. पोर त्यांच्याकडे टकमक बघत होतं. काकूंनी सवयीनं हनुवटी वर केली.

"ह्यो कुणाचा म्हणायचा?"

"तुझाच की," शोभा म्हणाली. "कुणाचा असणार?" आणि तिनं ते पोर काकूंच्या हातात दिलं.

त्या आत गेल्या. दार लागलं. मी एक पिशवी आणि एक चष्मा घेऊन बोळात उभा राहिलो. बऱ्याच वेळानं जावयाच्या लक्षात आलं आणि मला दुकानातल्या स्टुलावर बसून चहा मिळाला. जावईही म्हणाले, "जुळा भाऊ म्हणजे हद्द झाली, नाही का?"

काकू पुढे सांगलीच्याच झाल्या. सामान न्यायला आल्या तेव्हा गल्लीला पेढे वाटले, आणि सांगलीत लग्नाच्या पोरी किती आणि त्यांच्या आया किती आळशी, हे सांगून गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. स्टूल आमच्या उंबऱ्याशी राहिलं. चष्मा टीव्हीवर.

थोड्या महिन्यांनी रविवारी नवी मालिका लागली. पहिल्याच भागात तोंड झाकलेला एक माणूस घोड्यावरून आला. आम्ही सगळ्यांनी एकदम उंबऱ्याकडे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही.

मंगल उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.