तोंड वळवून

आमच्या घरात गुपित बोलायचं असेल तर आवाज खाली करून भागत नाही, तोंड वळवावं लागतं. बाबांनी तीस वर्षं कामतघरच्या एका कापड कारखान्यात लूम चालवले. त्या खडखडाटात शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो तेही ऐकू येत नाही, म्हणून तिथले सगळेच एकमेकांच्या ओठांवरून वाचायला शिकतात. कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला कुणी 'चहा आला' म्हटलं तरी यांना कळायचं. बाबांच्या कानांनी मधेच कधीतरी राजीनामा दिला, पण डोळे अजून ड्युटीवर आहेत. अंगणात बसून ते स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकायचे, म्हणजे बघायचे. आईला त्यांच्याबद्दल काही तक्रार करायची असली की ती आधी चुलीकडे तोंड करायची आणि मग सुरू व्हायची. मला तिनं भाकरी थापायला शिकवायच्या आधी हे शिकवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बाबांचा आवाज. कारखाना सुटला तरी त्यांच्या डोक्यातला खडखडाट काही थांबला नाही, त्यामुळे ते घरातही त्याच्यावर आवाज काढून बोलतात. 'मीठ दे' म्हणाले तर आजूबाजूच्या तीन घरांना कळतं की आज आमची आमटी अळणी झाली. लहानपणी मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण आमच्या गावात, अंजूरला, सगळेच जोरात बोलतात. पुढे मी शिकले आणि आमच्याच शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामांपैकी एकाच्या ऑफिसात लागले. तिथे एसी आहे आणि सगळे हळू बोलतात. महिन्याभरात मी 'हाय-न्हाय' सोडून 'आहे-नाही'वर आले. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, हे लिहिताना आता लाज वाटते.

दसरा होऊन गेल्यावर ऑफिसची एक दिवसाची सहल निघाली. घाट चढून गेलं की डोंगरांच्या मधोमध एक मोठा तलाव लागतो. काठाला बाग केलेली आहे, फुलांचे वाफे, झोपाळे, होड्या. प्रत्येकाला एक माणूस बरोबर आणायची मुभा होती. मी घरी मैत्रिणीला फोनवर हे सांगत होते, आणि सांगताना तोंड दाराकडे होतं. फोन ठेवला तर बाबा दारात उभे.

"बाय, मी येऊ का गो?" त्यांनी विचारलं.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कुठेही गेले नव्हते. शिवाय आयुष्यात त्यांनी कधी कुणाला 'येऊ का' असं विचारल्याचं मला आठवत नव्हतं. नाही कशी म्हणणार? मी हो म्हटलं आणि त्याच दमात सूचना सुरू केल्या. बसमध्ये हळू बोला. मॅडम असतील, त्यांच्यासमोर जपून बोला. बाबांनी शाळेतल्या पोरासारखं तोंडावर बोट ठेवून दाखवलं. आदल्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, कॉलर दोनदा.

सकाळी आम्ही अंजूर फाट्यावर बसमध्ये चढलो. मी त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. तिथून बाहेरचं चांगलं दिसेल, असं त्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण मी स्वतः जाऊन बसले सगळ्यात मागे, माझ्या सेक्शनच्या मुलींमध्ये, आणि त्याचं कारण काही वेगळं होतं.

शहापूरपर्यंत बाबा गप्प होते. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भाताची खाचरं लागली आणि त्यांच्या तोंडावरचं बोट निघालं.

"बाय, हळवा भात कापाया आलाय गो!"

सगळी बस त्यांच्याकडे बघायला लागली. पुढचं कुणीतरी हसलं. माझ्या शेजारची मुलगी मला म्हणाली, हे काका किती गोड आहेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'बाय' या हाकेतून काहीच उघड होत नाही. आमच्याकडे कोणीही म्हातारा कोणत्याही मुलीला बाय म्हणतो. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे खोटं मी नंतर बोलले, पण त्याची जागा बसमध्येच धरून ठेवली होती.

तलावावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, पण पाण्यावरून येणारा वारा गार होता. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते. डोंगर अजून हिरवे होते आणि उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. सगळे जण फोटो काढायला पांगले. बाबांनी काठावर चपला काढल्या, देवळाच्या पायरीशी काढतात तशा, बाजूबाजूला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले. तोंडावर पाणी मारलं, थोडं डोक्यावर घेतलं आणि उभे राहिले. मी तिकडे बघत होते. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि मला छान वाटायला हवं होतं. मला मात्र काळजी लागली होती की आता हे काहीतरी बोलणार.

ते बोललेच. "बाय, पानी लय थंड हाय गो. तुझी आय पायजे व्हती आज."

बागेतल्या लोकांनी माना वळवल्या. झोपाळ्यावरची दोन मुलं त्यांची नक्कल करून हसायला लागली. माझ्या बाजूला आमच्या मॅडम उभ्या होत्या, ठाण्याच्या, फार नीटस बाई. त्यांनी सहज विचारलं, त्यात टोमणा अजिबात नव्हता.

"तुझे वडील का गं?"

मी आवाज खाली केला. ऑफिसात शिकले होते तसा, अगदी दोघींपुरता.

"नाही, गावचे आहेत. शेजारचे. एकटेच असतात, म्हणून आणलं."

मॅडम म्हणाल्या की फार चांगलं केलंस, हल्ली एवढं कोण बघतं. त्यांनी हे आणखी दोघींना सांगितलं. त्या दोघींनीही माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी हसले. खरंच हसले, आणि वर 'त्यात काय एवढं' असंही म्हणाले.

मग मी समोर पाहिलं. बाबा वीसेक पावलांवर घोटाभर पाण्यात उभे होते, तोंडावरून पाणी निथळत होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या डोळ्यांकडे नाही. ओठांकडे.

मी आवाज खाली केला होता. तोंड वळवायचं मात्र विसरले होते. आमच्या घरात वाढलेल्या माणसानं ही चूक करावी, म्हणजे मी त्या ऑफिसची किती झाले होते बघा. पण लगेच मनाशी म्हटलं, एवढ्या लांबून नसेल कळलं, डोळ्यांवर ऊन आहे, वय झालंय. बाबांनी चपला घातल्या आणि येऊन बाकावर बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला आणि मान हलवली.

जेवणानंतर होडीत बसायचं ठरलं. होडीवाला साठीचा माणूस होता. तो एकेकाला नारिंगी जाकीट घालून होडीत बसवत होता. मॅडम बसल्या, मुली बसल्या, मी बसले. बाबांच्या जाकिटाचा पट्टा लागेना, म्हणून तो त्यांच्यापुढे वाकला. मग माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आलटून पालटून बघत म्हणाला, "मुलगी ना तुमची? नाक तेच आहे. बसा तिच्या बाजूला."

मला वाटलं, आता हे बोलणार, आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल.

"न्हाय," बाबा म्हणाले. "ती गावची हाय. मी शेजारचा. एकटाच असतो, म्हून आनलं तिनी."

माझेच शब्द होते, फक्त त्यांच्या बोलीत. आणि ते हळू बोलले. तीस वर्षांत ज्यांना हळू बोलता आलं नाही, डॉक्टरसमोर नाही, आईच्या उशाशी बसूनही नाही, ते बाबा त्या होडीवाल्याशी अगदी खालच्या आवाजात बोलले. माझं खोटं चार लोकांत उघडं पडू नये म्हणून.

तेव्हाही मला बोलता आलं असतं. 'चेष्टा करतायत, बाबाच आहेत माझे' एवढं म्हणायचं होतं. मॅडम पुढच्या फळीवर बसून ऐकत होत्या. मी जाकिटाचा पट्टा घट्ट करत बसले. होडीवाल्यानं खांदे उडवले आणि बाबांना पार टोकाला बसवलं. होडीनं तलावाला फेरी मारली, मुलींनी फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत बाबा माझ्यामागे कडेला आलेत, अर्धेच.

परतीच्या बसमध्ये ते पुन्हा पुढे बसले. घाट उतरला, भाताची खाचरं पुन्हा लागली, या वेळी तर संध्याकाळचं ऊन पडलेलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. एकदाही मागे वळले नाहीत, एकदाही बाय म्हणाले नाहीत. मी सगळा रस्ता त्या हाकेची वाट बघत होते. सगळी बस हसली असती तरी चाललं असतं. असं मला वाटत होतं, पण माझ्यावर आता माझाही विश्वास नव्हता.

घरी आल्यावर मी भात लावला आणि गॅसकडे तोंड करून म्हणाले, "बाबा, चुकले मी." ते मागे पाटावर बसले होते. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी ते पुरेपूर जाणून होते, म्हणूनच म्हणू शकले. त्यानंतर तशी माफी मी खूपदा मागितली, भाकरी करताना, भांडी घासताना, प्रत्येक वेळी पाठ करून. बाबा माझ्याशी पहिल्यासारखेच वागत. मीठ मागायचे, तीन घरांना ऐकू जायचं. मी स्वतःला सांगून टाकलं की ते विसरले.

या वर्षी दसरा झाल्यावर ऑफिसात पुन्हा सहलीचा कागद फिरला, त्याच तलावाचा. बरोबर कोण येणार, या रकान्यात मी 'वडील' असं ठळक अक्षरात लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. घरी आले आणि चपलाही न काढता स्वयंपाकघरात बाबांसमोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी. म्हटलं, सहल आहे, तुमचं नाव वडील म्हणून दिलंय, चला.

त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या ओठांकडे पाहिलं. रागावले नव्हते. जरासे हसलेही.

"नको, बाय," ते म्हणाले, त्याच होडीतल्या आवाजात. "या टायमाला दुसरं कोनतरी ने. एकटं असंल असं, शेजारचं."

ते अजून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आता काय म्हणते याची वाट बघत होते. बोलायचं होतं ते वर्षभर पाठ झालेलं होतं, दोनच शब्द.

मी गॅसकडे वळले. गॅसवर काहीच नव्हतं.