सावड मोडली ती निवडणूक

आमच्याकडं एक बैल होता, माझ्या थोरल्या चुलत दिरांकडं एक. दोन्ही मिळून जोडी व्हायची आणि सावडीनं आधी एकाचं, मग दुसऱ्याचं रान वखरून निघायचं. सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं हे एका लोकसभेनं मोडलं.

त्या वर्षी आमचे मालक एका पक्षाच्या जीपमध्ये बसले, दीर दुसऱ्या पक्षाच्या. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर दोघांनाही फुकट जेवण, म्हणून दोघांचीही निष्ठा लई. मालकांनी बैलाची शिंगं पक्षाच्या रंगानं रंगवली. दीर दारात येऊन म्हणाले, "या रंगाचं जनावर माझ्या बैलाशेजारी न्हाई चालायचं."

"नको चालू देऊ. कुणाचं अडलंय?" मालक म्हणाले.

अडलं दोघांचंही होतं. निकाल लागला, उन्हाळा सरत आला, तरी आमच्या दोन्ही रानांत गेल्या साली कापलेल्या ज्वारीची धसकटं तशीच उभी. एका बैलाला वखर ओढवत नाही आणि हंगामात उसनी जोडी कुणी देत नाही. पेरणी चुकली असती तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न जाऊबाईंना आणि मला पडला होता. पुढाऱ्यांना नव्हता.

दिल्लीत कुणालाच बहुमत नव्हतं. एका दुपारी रेडिओवर सांगितलं, की दिरांचा पक्ष सरकारात बसणार आणि मालकांचा बाहेरून पाठिंबा देणार. वाटलं, आता तरी हे उठतील. हे म्हणाले, "वरचं राजकारण येगळं असतंय. तुला कळायचं न्हाई. आधी त्यानं यावं, थोरला हाय ना."

दिरांसमोर मी कधी बोललेली नाही, त्या दिवशीही बोलले नाही. पदर पुढं ओढला, बैल सोडला आणि त्यांच्या दावणीला नेऊन बांधला. दीर बाजेवरून शिंगांकडं बघत राहिले. जाऊबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "काय गं, बाहेरून पाठिंबा का?"

मी मान हलवली.

"मग वैरण टाकते. उपाशी सरकार टिकायचं न्हाई."

सकाळी वखर चालला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, बैलांशी बोलत होते. "त्याला म्हणावं, जरा दाबून धर," असं मालक बैलाला सांगत आणि दीर दाबून धरत.

संध्याकाळी पारावर मालकांनी सांगितलं, "मीच मोठेपणा दाखवला." दिरांनीही म्हणे तेच सांगितलं. मागं राहिलेली धसकटं तोवर आम्ही दोघी वेचत होतो.