बस स्टॉपवरचा अमेरिकेचा धडा

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आमच्या बस स्टॉपवर मुलाकडे आलेल्या एक मराठी काकू रोज दिसायच्या. मोबाईलवर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा फुकट ऑनलाइन कोर्स लावलेला आणि पाय सतत हलता. बस आली की उठायच्या, दार बंद झालं की पुन्हा बसायच्या. बघून मलाच चैन पडायचं नाही.

एकदा म्हणाल्या, "इंग्रजांच्या राजाला हाकललं खरं, पण आता कुणी कुणाला विचारायचं, यावरून किती भांडले हो हे लोक!"

तेवढ्यात बस आली. काकूंनी पुण्याला नवऱ्याला फोन लावला. "अहो, एकटीच जरा शहरात जाऊन येऊ का?"

"कशाला? आणि हरवलीस तर?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

दार बंद झालं, तेव्हा काकू आत होत्या.