दोन बटनं आणि गोदाबाई

शेगडीतली राख रोज काढून टाकता येते, पण शेगडीवाल्याकडे साचलेले किस्से कोण उचलणार? चामोर्शी-मूलच्या पट्ट्यात मी लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्या लावून देतो. बटनं दोनच. एक गोळ्यांचं, एक हवेचं. दोघांचं जमलं की धूर नाही. जमेपर्यंत मात्र माझी मजा!

आमच्या नाक्यावर गोदाबाईचं नाश्त्याचं हॉटेल आहे. डॉक्टरनं तिला बजावलं होतं, "बाई, धूर सोडा, नाहीतर हॉटेल सोडा." म्हणून आठ दिवसांच्या ट्रायलवर शेगडी आली. गिऱ्हाइकांना पसंत पडली तर ठीक, नाहीतर हॉटेलला कुलूप.

* * *

पहिल्याच दिवशी बाईनं गोळ्यांचं बटन फुल्ल केलं, हवेचं जेमतेम.

"बाई, इतक्या गोळ्या काऊन?"

"आजच आली बिचारी. उपाशी ठेवू का तिले?"

असा काळा धूर निघाला की संध्याकाळ झाली समजून कावळे झाडावर परतले! फॉरेस्ट गार्ड आग झोडपायला हिरवी फांदी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, मोहफुलं वेचायला कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला. आत शिरून त्यानं दोन फटके हाणले. एक शेगडीला, एक मला.

बाई शांतपणे म्हणाली, "आलेच त पोहे खाऊन जा."

* * *

दुसऱ्या दिवशी उलटं. हवा फुल्ल! राख उडाली ती थेट पोह्यांच्या परातीत. नागपूरच्या ट्रकवाल्यानं दोन प्लेटी चाटूनपुसून खाल्ल्या.

"बाई, वरून काय टाकलं?"

"जंगलातला मसाला हाय, भाऊ!"

परतीच्या फेरीत तो पुडी बांधून मागत होता.

* * *

मग मी दोन्ही बटनांचं सेटिंग जमवून दिलं. बाईनं खुणेला टिकल्या चिकटवल्या. चहाला लाल, भज्यांना हिरवी, रश्श्याला चंद्रकोर. तेवढ्यात शेगडी कंपनीच्या इंजिनिअर साहेबांचा बाईला फोन आला.

"मॅडम, हवा कितीवर आहे?"

"चंद्रकोरीच्या जराशी खाली."

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग, "मॅडम, आमच्या पुस्तकात चंद्रकोर नाही!"

* * *

धूर गेला, पण नवीनच भानगड झाली. बाईचा नवरा सुदामभाऊ आणि त्याची बाहेरच्या बाकावरची रोजची मंडळी चहा पिऊन तोंडं वाकडी करू लागली.

"धुराचा वासच नाई. हा काय चहा हाय का?"

सातव्या दिवशी सगळा बाक समोरच्या टपरीवर! नवरासुद्धा! मी म्हटलं, "बाई, हवा थोडी कमी करू? येईल वास."

"अन् मी खोकून मरू? बटनाले हात लावू नका, भाऊ."

* * *

आठव्या दिवशी सकाळी इंजिनिअर साहेब आले. बाईनं समोरच्या मंडळींना हाका मारून बाकावर बसवलं, साहेबांनाही त्यांच्यातच. मग एक गोवरी पेटवून गुपचूप बाकाखाली सरकवली आणि आत जाऊन चहा ठेवला. आतली हवा अगदी स्वच्छ.

बाकावर सुदामभाऊनं घोट घेतला, खोकला, डोळे पुसले.

"आता आली पहा चव!"

सगळ्यांनी दुसरा कप मागवला.

"मॅडम, कोणतं बटन फिरवलं?" साहेबांनी विचारलं.

"कोणतंच नाई."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला, डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि वहीत लिहिलं, 'गिऱ्हाईक खूश. धूर शून्य.'