गाडी खाली होईपर्यंत

मामींचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला कॉलेजात होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुहे मामा सकाळी उठलेच नाही..." आता महिना होऊन गेला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. असं लिहायची सवय नाही, तरी लिहिते आहे.

मामा पांढरकवड्याहून हैदराबादकडे ट्रक चालवायचे. आजोबांना शुगर होती, तिच्यात त्यांचा पाय गेला. मामांनाही ती निघाली तेव्हा ते हसतच म्हणाले, "बापानं वावर नाही देलं, शुगर देली. हिस्सा कोणी सोडते काय?" मी चाचरत सांगितलं की रक्तातून येतो तो फक्त धोका; खाणं, झोप, तासन्‌तास बसून राहणं त्यात भर घालतं. मामा म्हणाले, "मंग माही तं सारीच सोय झाली."

त्यांचा एक नेम होता. माल उतरून गाडी खाली होईपर्यंत जेवायचं नाही. पोट भरलं की डुलकी येते, असं त्यांना गाडी शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलेलं. तोवर नुसता गोड चहा. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र ते सकाळीच, उपाशीपोटी घ्यायचे. मग रिकाम्या पोटी शुगर एकदम उतरायची, हात कापायचे, घाम फुटायचा. गोळी सोसत नाही असं समजून त्यांनी ती परस्पर बंद केली. आपण जेवतो कधी, हे डॉक्टरांना सांगितलंच नाही... वाढत्या शुगरनं आतल्या आत हृदय थकत गेलं.

मामांना श्रद्धांजली वाहायला सारे पुण्यानुमोदनाला जमले, त्या दिवशी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, शांतपणे म्हणाली, "आता माहा नंबर." त्या शांतपणाची मला भीती वाटली. आई कापूस वेचायला जाते, आणि संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर मोजून होईपर्यंत डबा उघडत नाही. भावासारखंच. तपासणीला ती तयार नव्हती. रक्तातलंच आहे तर तपासून काय होणार, म्हणायची. मी सांगितलं की आजोबांकडून आलेलं बदलणार नाही, पण डबा कधी उघडायचा ते तर तुझ्या हातात आहे. शेवटी तिला दवाखान्यात नेलंच. शुगर निघाली. या वेळी मी डॉक्टरांना आधी आईचा अख्खा दिवस सांगितला, मग त्यांनी गोळी लिहिली. जेवणाची वेळ चुकवायची नाही, हे दोनदा बजावलं.

परवा मी तिच्यासोबत वावरात गेले. दुपारी ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसली आणि डबा उघडला. सोबतच्या बायांनी टोमणा मारला, "काहून वं, पाटलीण झाली काय? कापूस मोजाचा हाय अजून."

आईनं भाकर मोडली. म्हणाली, "थांबून थांबून भाऊ गेला माहा. मी जेवतो. तुमीही बसा."